एकवीस दिवसांचे कालवण

निंबदऱ्याच्या मनकर्णाबाई साळवे सुईण होत्या. पाथर्डीहून पूर्वेला जाणारी एस.टी. ज्या फाट्यावर माणसे उतरवते, तेथून पाऊण तास चालले की निंबदरा लागते. त्या गावात आणि आजूबाजूच्या चार वस्त्यांवर जी माणसे मिशांना पीळ देत फिरत, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या पाठीवर पहिली थाप मनकर्णाबाईंची पडलेली होती.

छप्पन साली त्यांच्या वस्तीने बौद्ध धर्म स्वीकारला. गावकीची जी कामे पिढ्यान्‌पिढ्या अंगावर होती, ती सर्वांनी एका दिवसात टाकून दिली आणि ते योग्यच झाले. त्या वेळी वस्तीतील तरुणांनी मनकर्णाबाईंनाही सांगितले, "मावशी, आता कुनाच्या बाळंतपनाला जायचं न्हाई. तेबी गावकीचंच काम हाय."

मनकर्णाबाई म्हणाल्या, "मेलेली जनावरं वढायचं सोडलं, लई बरं केलं. पन बाई आडून पडली तर तिला काय सांगू? आमी धर्म बदललाय, जरा दम धर?"

त्या जात राहिल्या. मात्र मागच्या दारी पदर पसरून शिळी भाकरी घेणे त्यांनी कायमचे बंद केले. ज्याला काही द्यायचे असेल त्याने वस्तीवर यावे, उंबऱ्याच्या आत बसावे आणि मग द्यावे, असा त्यांचा नियम होता. बाळंतिणीच्या खाण्याविषयी तर त्यांचा शब्द पाटलाच्या घरीही मोडला जात नसे. बाजरीची ऊन भाकरी, तिच्यावर तूप, शेपूची भाजी, हळिवाची खीर, डिंकाचा लाडू. घरात काहीच नसले तर त्या स्वतः पेज शिजवून पाजीत आणि सासूला बजावीत, "सव्वा म्हैना म्हंजी सव्वा म्हैना. दिस मोजून खाऊ घालायचं. कुचराई केली तर माझ्याशी गाठ हाय."

त्यांना एकच मुलगी होती, विजयमाला. तिचे वडील भिमाजी ऊसतोडीला गेले असता फडात साप चावून वारले, तेव्हा ती पाच वर्षांची होती. मनकर्णाबाईंनी तिला शिकवले. नगरला वसतिगृहात राहून ती मॅट्रिक झाली आणि मिशनच्या एका दवाखान्यात नर्सचे शिक्षण तिने पूर्ण केले. तेथील एका जर्मन सिस्टरने तिचे काम पाहून तिला आपल्या देशात पाठवण्याची खटपट केली. सत्तर सालच्या जून महिन्यात विजयमाला पश्चिम जर्मनीतील एसेन नावाच्या शहरी, तीन वर्षांच्या करारावर, मोठ्या इस्पितळात नोकरीला गेली.

मनकर्णाबाईंना अक्षरओळख नव्हती. म्हणून विजयमालाचे निळे हवाई पत्र आले की ते सहादेव गुरुजी वाचून दाखवीत. गावची शाळा त्यांच्याकडेच होती आणि पोस्टाचे कामही त्यांच्याकडेच होते. पत्र आल्याची वार्ता पसरली की शाळेच्या व्हरांड्यात तीस-चाळीस माणसे जमत. वस्तीतली येत, गावातलीही येत. मनकर्णाबाईंना त्याचा अभिमान वाटत असे. आपल्या मुलीचे पत्र हे जणू साऱ्या गावाचे पत्र आहे, अशी त्यांची समजूत होती, आणि त्या समजुतीची किंमत किती होईल हे त्यांना माहीत नव्हते.

पहिली पत्रे उदास होती. तेथे पाव थंडच खातात, हिवाळ्यात सूर्य दुपारी चारलाच मावळतो, वॉर्डातील एक आजोबा माझा हात चोळून रंग निघतो का पाहतात, असे विजयमालाने लिहिले होते. त्यानंतर एका पत्रात सुनजा आली.

"'माझ्या खोलीत आता कोरिया देशाची एक नर्स राहायला आली आहे,'" गुरुजी वाचू लागले. "'तिचे नाव सुनजा. काल तिने आणि तिच्या मैत्रिणींनी हॉस्टेलच्या न्हाणीघरातील टबात चाळीस कोबी मिठात घातले...'"

"आंघुळीच्या टबात?" शेजारच्या राहीबाई मध्येच म्हणाल्या. "मंग त्या दिशी आंघुळ कशात केली?"

"राहीबाई, पत्र संपू द्या," गुरुजींनी चष्म्यावरून पाहिले. "'दुसऱ्या दिवशी ते धुऊन त्यांना लाल तिखट, लसूण, आले, मुळा आणि खारवलेली मासळी लावली, बरण्या भरल्या आणि बाहेर बर्फात ठेवल्या. याला किमची म्हणतात. वॉर्डन नाकाला रुमाल लावून आली आणि म्हणाली, या मजल्यावर कोणी मेले आहे काय? आई, मी पहिला घास खाल्ला आणि मला रडू आले. सहा महिन्यांनी माझ्या जिभेला तिखट लागले.'"

व्हरांड्याच्या टोकाला बसलेले रंभाजी आबा म्हणाले, "लसून न् तिखट खात्यात म्हंजी आपल्यातलीच मानसं की वं ती!"

"मंग आक्का," राहीबाई म्हणाल्या, "जावई बी तिकडलाच बघा. लोनच्याची तरी ददात न्हाई पडायची."

"तुज्या जिभंला काटा लागू दे," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांबरोबर स्वतःही हसल्या.

त्यांनी ते लोणचे घरी करून पाहिले. कोबी पाथर्डीच्या बाजारातही मिळाला नाही, म्हणून मुळे घेतले. तिसऱ्या दिवशी बरणीत फेस आला आणि बुडबुडे वर येऊ लागले. राहीबाईंनी वास घेऊन सांगितले की हे सडले. मनकर्णाबाईंनी ते उकिरड्यावर ओतले. पुढे दोन दिवस कोंबड्या त्या बाजूला फिरकल्या नाहीत. हे सारे गुरुजींनी पत्रात कळवले. विजयमालाचे उत्तर आले, "आई, फेस आला म्हणजेच ते जमले. टाकलेस का?" व्हरांड्यात हशा पिकला, आणि मनकर्णाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "बया! तयार झालेलं लोनचं म्या माझ्या हातानं उकिरड्याला घातलं!"

मिशनच्या एक सिस्टर सुट्टी संपवून जर्मनीला परत निघाल्या, तेव्हा त्यांच्याजवळ मनकर्णाबाईंनी दोन किलो मिरची स्वतः कुटून दिली. त्या मिरचीची किमची झाली. विजयमालाने लिहिले की सुनजा फार शहाणपणाने नेहमीच्या पावपटच तिखट घालते. तिच्या ओळखीच्या तीन खाणकामगारांनी ते ऐकले नाही आणि दुपारभर नळाखाली तोंड धरून बसले.

त्या शहराच्या पोटात कोळसा होता. तो काढायला कोरियातून माणसे आणली होती, जशा इस्पितळासाठी नर्स आणल्या होत्या. रविवारी ही सर्व मंडळी चर्चच्या एका सभागृहात जमत. पुरुष कोळशाने कडा काळ्या पडलेल्या डोळ्यांनी, पण कोट-टाय घालून येत. बायका छातीवर बांधलेले रंगीत, घोळदार झगे घालीत. ग्रामोफोनवर त्यांच्या देशातील नव्या तबकड्या वाजत, कधी पडदा लावून सिनेमा दाखवीत. बंदर सोडून जाणाऱ्या बोटीचे एक गाणे लागले की सर्व सभागृह एकदम नाक पुसू लागे. नववर्षाला चार काठ्या उडवून पटावर सोंगट्या चालवायचा खेळ होई आणि तांदळाच्या वड्यांचा रस्सा होई. तो प्याला की प्रत्येकाचे वय एक वर्षाने वाढले असे मानीत. विजयमालाला या सगळ्याची इतकी गोडी लागली की ती तेथील गाणी म्हणू लागली. "सुनजाच्या गावचा दोंगसू नावाचा एक खाणकामगार आहे," असे तिने लिहिले होते, "तो गातो तेव्हा ग्रामोफोन बंद करतात." पुढच्या दोन पत्रांतही दोंगसूचे नाव होते. नंतर ते कधी आले नाही, आणि नाही आले हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

एकाहत्तरच्या ऑक्टोबरात तिने त्यांच्या सुगीच्या सणाचे वर्णन केले. तांदळाच्या उकडीच्या छोट्या करंज्या करतात, आत तीळ आणि साखर भरतात, आणि पाइनच्या झाडाच्या पानांवर उकडतात. जिची करंजी देखणी होईल तिला मुलगी देखणी होईल, असे तेथे म्हणतात. "माझ्या करंज्या सर्वांत सुंदर झाल्या. सगळ्या जणी माझ्याकडे बघून हसल्या आणि हसता हसता गप्प झाल्या."

"व्हनारच की देखन्या," मनकर्णाबाई अभिमानाने म्हणाल्या. "हात कुनाचा हाय?"

त्यानंतर चार महिने पत्र नव्हते. मनकर्णाबाई रोज शाळेवरून जाताना उगाच थांबत. गुरुजी हात हलवून नाही म्हणत.

बहात्तरच्या फेब्रुवारीत पत्र आले. व्हरांडा भरला. गुरुजींनी पत्र उलगडले.

"'आई, मी मध्यंतरी आजारी होते. आता बरी आहे. या दिवसांत सुनजाने मला समुद्रातील शेवाळाचे कालवण करून घातले. वाळवलेले शेवाळ तिने आपल्या आईकडून मागवून घेतले होते. ते भिजवून, तिळाच्या तेलात परतून उकळतात. दिवसातून तीन वेळा, भाताबरोबर, एकवीस दिवस. एकही दिवस तिने चुकवला नाही. तिच्या देशात याला फार महत्त्व आहे...'"

"शेवाळ?" कोणीतरी ओरडले. "आपल्या तळ्यावर असतंय, त्ये?"

"आरं, म्हस बी तोंड लावीत न्हाई त्याला!"

"जर्मनीला जाऊन पोरगी बेडूक झाली गं बया!" राहीबाई म्हणाल्या, आणि व्हरांडा असा हसला की वर्गातील मुले खिडकीत आली.

गुरुजींना शेवटच्या ओळी मोठ्याने वाचाव्या लागल्या. "'आई, तू इथे असतीस तर मला काय खाऊ घातले असतेस? एवढेच मला लिहून कळव. मी वाट पाहते.'"

ही ओळ मनकर्णाबाईंच्या कानावर पडली. पण त्या वेळी त्यांचे कान लाजेने तापले होते. ज्या मुलीच्या पत्राला गाव माना डोलावीत असे, त्या मुलीला गाव हसत होते. गुरुजींनी लगेच कोरे पत्र काढले, पेन उघडले आणि विचारले, "बोला मनकर्णाबाई, काय लिहू?" सर्व माणसे त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली.

"लिवा," मनकर्णाबाई पदर सावरून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लिवा की असलं घानेरडं काय खाऊ नगंस. आजारी असलीस तर डागदरला दाखीव, तू दवाखान्यातच हायस. आन् लिवा, कर्जतला मास्तर असलेलं एक स्थळ आलंय, आपल्यातलं. करार सरला की लगोलग ये."

गुरुजींनी ते लिहिले आणि शोभा यावी म्हणून आपल्या मनाने एक वाक्य जोडले: "आपल्या चालीरीती सोडून परक्यांच्या नादी लागणे कुलीन मुलीस शोभत नाही." त्यांनी ते वाचूनही दाखवले. माणसांनी वाहवा केली. ते वाक्य मनकर्णाबाईंचे नव्हते, पण खालचा अंगठा त्यांचा होता.

घरी जाताना त्यांना वाटेत दोनदा थांबावेसे वाटले, जणू दार लावायचे राहिले असावे. काय राहिले ते आठवेना.

त्यानंतरची पत्रे तीन-चार ओळींची येऊ लागली. मी बरी आहे, पैसे पाठवले आहेत, थंडी आहे. कोरियाचे जेवण नाही, गाणी नाहीत. व्हरांड्यातील गर्दी ओसरली. एका पत्राच्या शेवटी होते, "आई, तू स्वतः वाचत असतीस तर बरे झाले असते." गुरुजींनी तेही वाचले आणि थोडे खाकरले.

ते साल दुष्काळाचे होते. सारे निंबदरा रस्त्याच्या सरकारी कामावर खडी फोडीत होते. दुपारी खायला सुकडी वाटली की तासभर सुटी असे, आणि त्या तासात विमलबाई नावाच्या एक तरुण शिक्षिका बाभळीखाली बायकांचा प्रौढ वर्ग घेत. मनकर्णाबाई दुसऱ्या दिवसापासून पाटी घेऊन बसल्या.

"आता काय तहसीलदार व्हायचंय व्हय आक्का?" राहीबाईंनी विचारले.

"तहसीलदार न्हाई. आई व्हायचंय," मनकर्णाबाई म्हणाल्या. राहीबाईंना त्याचा अर्थ लागला नाही, पण आठवड्याने त्याही येऊन बसल्या.

पोटावरून हात फिरवून मूल आडवे आहे की उभे हे ज्या बोटांना अचूक कळत असे, त्या बोटांना 'क'चे पोट कोणत्या बाजूला हे कळेना. खडीने हात सुजलेले असत. पेन्सिल मोडे. विमलबाई म्हणत, "मावशी, हळू. पाटी आहे, दगड नाही." सात महिने गेले. दिवाळी कोरडी गेली. थंडी सुरू झाली तेव्हा मनकर्णाबाईंनी आपल्या हाताने पत्र लिहिले. त्यात तीन ओळी होत्या: "विजू, मी वाचते. आता मला लिही. आई." इंग्रजी पत्ता तेवढा गुरुजींनी घातला.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत जाड पाकीट आले. गुरुजींनी ते फोडण्यासाठी हात पुढे केला. मनकर्णाबाईंनी ते काढून घेतले.

"जड जाईल तुम्हाला," गुरुजी म्हणाले.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या.

खडीच्या ढिगाआड, उन्हात बसून त्यांनी ते वाचायला घेतले. मुलीने अक्षरे मुलांच्या अंकलिपीसारखी मोठी काढली होती. दोन शब्दांमध्ये बोटभर जागा सोडली होती. एका ओळीवर बोट ठेवायचे, ती फोडायची, जोडायची आणि मग पुढे जायचे, असे करीत तीन दुपारी गेल्या.

पहिल्या दुपारी एवढे वाचून झाले: "आई, हे कोणाला दाखवू नकोस. गेल्या वर्षी जानेवारीत मला मुलगी झाली." त्यांना वाटले, आपले चुकले. सुनजाला झाली असेल. त्यांनी पुन्हा बोट मागे नेले. म, ला. मला. तेथून पुढे त्या दिवशी त्यांना वाचवले नाही.

दुसऱ्या दुपारी: "तिचा बाप दोंगसू. करार संपला म्हणून त्याला परत पाठवले. तेव्हा मला दिवस गेलेले आम्हाला माहीत नव्हते. मागून मी लिहिले. त्याचे उत्तर आले नाही. कोरियात शेवाळाचे कालवण बाळंतिणीला घालतात, एकवीस दिवस. मी तुला तेच लिहिले होते. गुरुजी सगळ्यांसमोर वाचणार, म्हणून उघड लिहिता आले नाही. मला वाटले, माझी आई सुईण आहे. दिवस मोजून खाऊ घातले असे ऐकले की तिला कळेल. तू डिंकाच्या लाडवाचे नाव काढलेस तर मुलीला घेऊन घरी यायचे, असे मी ठरवले होते."

तिसऱ्या दुपारी: "तुझे पत्र आले. इथे मूल दत्तक देण्याच्या कागदावर सही करण्याआधी आठ आठवडे थांबतात. मी तुझ्या पत्रासाठीच थांबले होते. पत्र आल्यावर चौथ्या दिवशी मी सही केली. ती आता एका जर्मन कुटुंबात आहे. कुठे, आणि तिचे नाव काय ठेवले, ते आईला सांगत नाहीत, तसा कायदा आहे. सुनजाने माझा हात धरला होता. मुलीचे केस काळे होते, आई. जन्मतःच खूप होते."

मुकादमाने सुटी संपल्याची शिट्टी मारली. मनकर्णाबाई उठल्या, हातोडा घेतला आणि खडी फोडू लागल्या. ज्या बाईने शेकडो घरांत सासवांना दरडावून दिवस मोजायला लावले, तिच्या पोटच्या मुलीचे दिवस एका परक्या देशाच्या मुलीने मोजले होते. आणि ते मोजलेले दिवस भर व्हरांड्यात त्यांना वाचून दाखवले गेले, तेव्हा त्या हसणाऱ्यांकडे पाहत बसल्या होत्या. शेवाळ ऐकू आले, एकवीस ऐकू आले नाही.

"आक्का, बोटावर मारशील," राहीबाई म्हणाल्या. "ध्यान कुठं हाय?"

"हितंच हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या.

उत्तर लिहायला त्यांना आठ दिवस लागले. "विजू, माझे चुकले. मला कळायला पाहिजे होते. मी लोकांच्या हसण्याला भ्याले. कर्जतचे स्थळ नको. डिंकाचे लाडू पाठवते. तू घरी ये. कोणी काही म्हणाले तर मी बघते." त्याच आठवड्यात त्यांनी बाभळीचा डिंक गोळा केला. दुष्काळात खारीक-खोबरे कोणाच्या घरी नव्हते. त्यासाठी त्या पाथर्डीपर्यंत चालत गेल्या. लाडू वळले, डब्यात भरले आणि नगरला मिशनच्या दवाखान्यात नेले. सिस्टरांनी सांगितले की जूनपर्यंत कोणीही जर्मनीला जाणार नाही. डबा परत आला.

विजयमालाचे पत्र त्यानंतर महिन्याने आले. ते मनकर्णाबाईंनी एका बैठकीत वाचले. एव्हाना त्यांचे वाचन सुधारले होते.

"आई, लाडू पाठवू नकोस. ते आता माझ्या घशाखाली उतरणार नाहीत. मला तुझा राग नाही. मी उघड लिहिले असते तर तू मला बोलावले असतेस, हे मला आता कळते. पण मी येणार नाही. मी करार वाढवून घेतला आहे. ती याच शहरात असेल तर कधी वॉर्डात, कधी दुकानात, कधी ट्राममध्ये दिसेल. इथल्या मुलांत काळे केस लगेच दिसतात. सुनजा मायदेशी परत गेली. रविवारच्या सभागृहात मी जात नाही. तू लिहीत जा."

लाडू राहीबाईंच्या सुनेला दिले. तिला त्याच सुमारास मुलगा झाला होता. डबा देताना मनकर्णाबाईंनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "सव्वा म्हैना," आणि डब्याचे झाकण उगाच दाबत राहिल्या. राहीबाईंनीच वाक्य पुरे केले, "दिस मोजून. ठावं हाय आक्का, बसा जरा." त्या बसल्या नाहीत.

मे महिन्यात प्रौढ वर्गाची परीक्षा झाली. तालुक्याहून एक साहेब आले. उन्हामुळे ती शाळेच्या व्हरांड्यात घेतली, आणि बायका काय लिहितात हे पाहायला गावही जमले. साहेबांनी सांगितले, प्रत्येकीने आपल्या घराविषयी पाच-सहा ओळी लिहाव्यात आणि उभे राहून वाचाव्यात.

राहीबाईंनी वाचले, "माझे नाव राहीबाई. माझ्या घरात नऊ माणसे आहेत व एक म्हैस आहे. म्हैस आटली आहे. सून नवी आहे. ती उशिरा उठते." सुनेने तोंडाला पदर लावला. सगळे हसले, साहेबही हसले.

मग मनकर्णाबाई उभ्या राहिल्या. पाटी दोन्ही हातांनी धरून, एकेका शब्दाला थांबून त्यांनी वाचले.

"माझे नाव मनकर्णा भिमाजी साळवे. मी सुईण आहे. मला एक मुलगी आहे. ती नर्स आहे. माझ्या मुलीला एक मुलगी आहे. ती सोळा महिन्यांची आहे."

रंभाजी आबांनी तोंडातली विडी काढली. राहीबाई म्हणू लागल्या, "आक्का, विजीचं लगीन कवा..." आणि मध्येच थांबल्या. त्या काहीतरी मोजत असल्यासारख्या मनकर्णाबाईंकडे पाहत राहिल्या, आणि मग त्यांनी मान खाली घातली. सहादेव गुरुजी चष्मा काढून पुसू लागले. पुष्कळ वेळ पुसत राहिले.

विमलबाई जवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मावशी, पाचवी ओळ चुकून पडली का? पुसू का?"

"पुसू नका बाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "बराबर हाय ती."

साहेब परगावचे होते. त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. ते प्रसन्न मुद्रेने म्हणाले, "उत्तम लिहिले आहे आजी. शुद्ध आहे. फक्त नातीचे नाव घालायला हवे होते. काय नाव तिचे?"

मनकर्णाबाईंनी पाटीकडे पाहिले, जणू ते तेथे लिहिलेले असावे.

"तिचं नाव आमाला सांगत न्हाईत, सायेब," त्या म्हणाल्या.

साहेबांना उत्तर समजले नाही. त्यांनी वहीत खूण केली आणि पुढचे नाव पुकारले. पुढची बाई उठली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा पुकारले, तरी व्हरांड्यात कोणी हलले नाही. आणि मनकर्णाबाई पाटी धरून तशाच उभ्या होत्या.